सहाणेवरचे तीन वेढे

ती सहाण मला आजही जशीच्या तशी आठवते. काळ्या दगडाची, मध्यभागी झिजून खोलगट झालेली, आणि त्या खोलगटात दुधात कालवलेला हिरवट ओला डाग. पुढच्या नोकरीत मी सुरे जप्त केले, गावठी कट्टे जप्त केले, एकदा तर चोरीचा अख्खा ट्रक. पण तुमची सगळ्यांत मोठी जप्ती कोणती, असं कोणी विचारलं की मी त्या सहाणेचं नाव घेते. लोक हसतात. मी हसू देते.

साठचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. भिलाई तेव्हा मध्य प्रदेशात होती. भट्टी पेटली होती, पण पोलादाचा कारखाना अजून उभाच होत होता. एका बाजूला लोखंड ओतलं जात होतं आणि दुसऱ्या बाजूला पायाचे खड्डे खणले जात होते. कामगार वसाहतीच्या सेक्टरमधले क्वार्टर नवे, एकसारखे, चुन्याचा वास न गेलेले. झाडं नव्हती. ठाण्यात सकाळी पुसलेलं टेबल दुपारच्या पाळीचा भोंगा होईपर्यंत पुन्हा लाल धुळीने भरायचं.

मी सब-इन्स्पेक्टर म्हणून रुजू झाले तेव्हा जिल्ह्यात महिला अधिकारी म्हणून मी एकटीच होते. नागपूरच्या इंग्रजी शाळेत शिकलेली, कमी बोलणारी, अनोळखी माणसासमोर मान खाली घालणारी. मला कुठे बसवायचं हाच ठाण्यापुढे पहिला प्रश्न होता. शेवटी मालखान्याच्या, म्हणजे जप्त मालाच्या खोलीच्या, दाराशी एक टेबल मिळालं. हजेरीच्या वेळी शिपाई माझ्याकडे न बघता सलाम ठोकायचे, मीही त्यांच्याकडे न बघता तो घ्यायचे. ठाणेदार सागर जिल्ह्याकडचे, अंगाने आणि आवाजाने मोठे, मनाने वाईट नव्हते. ते मला 'मिस साहब' म्हणत. हेड कॉन्स्टेबलला तिकडे दिवाणजी म्हणतात. आमचे दिवाणजी मला 'बहनजी' म्हणत. बोलणं हिंदीत, कागद हिंदीत, वरिष्ठांना पत्र इंग्रजीत. मराठी मी फक्त घरच्यांशी बोलायची, तेही सुट्टीत नागपूरला गेले की.

त्या हिवाळ्यात गांजाचा विषय तापला. बांधकामावर अवजड सामान चढवणारा एक खलाशी मचाणावरून पडला आणि त्याच्या खिशात चिलीम सापडली. गांजाची परवानाधारक दुकानं तेव्हा होती. तिथून ठरलेल्या मापात घेणं गुन्हा नव्हता. पण चोरट्या वाटेने आलेला माल मजुरांच्या कॅम्पमध्ये विकला जात होता, आणि तो कोण विकतो ते कळत नव्हतं. वरून विचारणा झाली. ठाणेदारांनी सगळ्या खबऱ्यांना बोलावून दम दिला.

पहिली खबर कारखान्याजवळच्या सुपेला वस्तीतल्या एका पानठेलेवाल्याने आणली.

"साहब, सेक्टर में एक मराठी फिटर का क्वार्टर है. वहाँ रोज सवेरे घोटाई होती है. घर की बाई खुद घोटती है. बगलवाली ने अपनी आँख से देखा, हरा-हरा."

"कितने लोग बैठते हैं?"

"बैठते तो कोई दिखे नहीं साहब. पर घोटाई होती है, ये पक्का है."

हिंदीत घोटणं म्हणजे भांग वाटणं. ठाणेदारांच्या डोळ्यांसमोर पुरता अड्डा उभा राहिला. घरात बाई होती, म्हणून झडतीला महिला अधिकारी हवी होती. "जाइए मिस साहब," ते म्हणाले, "आज फाइल के अलावा भी कुछ आपके हाथ आएगा." दिवाणजी मिशीतल्या मिशीत हसले. मी ठाण्याच्या रोजनामच्यात आमच्या निघण्याची रवानगी लिहिली, आणि दिवाणजी, दोन शिपाई असे आम्ही निघालो. वाटेत दोन पंच सोबत घेतले.

दार त्या फिटरनेच उघडलं. तो दुसऱ्या पाळीला निघायच्या तयारीत होता. एका पायात बूट, दुसरा हातात. भंडाऱ्याकडच्या शेतकरी घरातला तरुण माणूस, भरती सुरू झाली तेव्हा आलेला. त्याची बायको मोरीपाशी बसली होती. तिच्यासमोर धुवायला ठेवलेली सहाण. खाटेवर चार-पाच वर्षांची मुलगी झोपली होती.

दिवाणजींनी फळीवरचे डबे उघडले. हळदीच्या डब्यामागे कागदाची पुडी निघाली. उघडली, आणि खोलीभर वास पसरला. गांजाच्या कळ्या. थोड्याच, मुठीत मावतील एवढ्या.

"साहेब, ते माहं आहे," फिटर लगेच म्हणाला. "मी ओढतो."

इतक्या लवकर कबूल झालेला आरोपी मी त्याआधी पाहिला नव्हता. नंतरही फार पाहिले नाहीत. लोक गुन्हा कबूल करतात तेव्हा आधी जरा घुटमळतात. घुटमळत नाही तो माणूस बहुधा आपल्यामागे कोणाला तरी लपवत असतो.

"चिलीम कुठे आहे?" मी हिंदीत विचारलं.

त्याने खोलीभर पाहिलं, जणू चिलीम मलाच माहीत असावी. "फुटली जी."

मी पंचनाम्यात लिहू लागले. गांजाच्या कळ्या, कागदी पुडीत. एक सहाण, काळा दगड, वापरातली. लिहिताना एक गोष्ट मनाला टोचत होती आणि ती काय हे कळत नव्हतं. मग कळलं. आम्ही सहा माणसं बूट वाजवत घरात शिरलो होतो. डबे खाली आले होते. दिवाणजींच्या हातून एक झाकण फरशीवर पडून गरगरत गेलं होतं. आणि खाटेवरची मुलगी हललीही नव्हती.

मी तिच्याजवळ गेले. कपाळ गार. खांद्याला धरून हलवलं. मान एका बाजूला कलंडली.

"झोपली आहे जी," तिची आई म्हणाली. "फीट येते तिले. फीट आली का मंग झोपते."

हे म्हणताना ती मुलीकडे पाहत नव्हती, नवऱ्याकडे पाहत होती.

झडती अर्धी होती. दिवाणजी म्हणाले, "बहनजी, पहले जप्ती पूरी कर लें." मी म्हटलं, "गाडी लावा." माझा आवाज इतका चढलेला त्यांनी पहिल्यांदाच ऐकला असावा. ते मुकाट्याने बाहेर गेले.

दवाखान्यात एक वयस्क बंगाली डॉक्टर होते. ते मुलीला ओळखत होते. दुधपिती असल्यापासून तिला मिरगीचे झटके येत. गोळ्या चालू होत्या, पण त्यांना झटके दाद देत नव्हते. दिवसातून कितीदा तरी पोर खेळता खेळता कोसळायची. कपाळावर जुन्या खोका होत्या. डॉक्टरांनी पापण्या उघडून पाहिल्या, तळपायाला चिमटा काढला, नाडी धरली. मग माझ्याशी ते इंग्रजीत बोलू लागले. घरात गांजा सापडल्याचं मी सांगितलं, पण तो मुलीच्या पोटात गेला की नाही हे मलाही ठाऊक नव्हतं.

त्यांच्यापुढे पेच होता. ही झोप झटक्यानंतरची असेल, किंवा आत कुठे झटका अजून चालूच असेल, तर तो थांबवायला इंजेक्शन द्यायला हवं. ते इंजेक्शन गुंगीचं. पण मुलीच्या पोटात आधीच गुंगीचं काही गेलेलं असेल आणि वरून हे दिलं, तर तिचा श्वास बंद पडू शकतो. "तिला काय दिलंय ते मला कळलं पाहिजे," ते म्हणाले. "किती दिलंय तेही. आणि लवकर."

आई दारात उभी होती. आम्ही इंग्रजीत बोलत होतो आणि तिची नजर आमच्या ओठांवरून हलत नव्हती. आपल्या शिक्षेचंच ठरतंय असं तिला वाटत असणार.

डॉक्टरांनी तिला हिंदीत विचारलं, "बच्ची को दवा के अलावा कुछ दिया?"

"नाई जी. काई नाई."

तेवढ्यात ठाणेदार आले. त्यांनी नवरा-बायकोला व्हरांड्यात उभं केलं. त्यांची चौकशीची पद्धत त्या काळाला धरून होती: आधी आवाज, मग प्रश्न.

"तू भांग घोटती है?"

"नाई साहेब."

"गांजा घोटती है?"

"नाई साहेब. म्या कधी घोटलं नाई. माह्या पोरीची आण."

"साहेब, मी सांगितलं ना, मी ओढतो," नवरा मध्ये पडला. "तिले कावून विचारता?"

"तू चुप. अंदर जाएगा, नौकरी भी जाएगी, क्वार्टर भी जाएगा. समझा?"

हे ऐकल्यावर बाईचं तोंड शिवल्यासारखं मिटलं. मला तिचा हिशेब दिसत होता. खरं सांगितलं तर नवरा तुरुंगात, घर रस्त्यावर, आणि मग त्या पोरीला गोळ्याही कोण आणणार. आत डॉक्टर खाटेवर बसून मुलीच्या छातीवर हात ठेवून होते. इंजेक्शनचा ट्रे शेजारी झाकून ठेवला होता.

एक गोष्ट मात्र मला खटकली. मुलीची आण घेताना ती अडखळली नव्हती. बाकी सगळं बोलताना तिची नजर पळत होती, पण 'म्या कधी घोटलं नाई' हे तिने सरळ साहेबांच्या डोळ्यांत बघून सांगितलं होतं. ते वाक्य खरं होतं. मग सहाणेवर हिरवं काय होतं?

मी ठाणेदारांना म्हटलं, "सर, मला तिच्याशी एकटीला बोलू द्या."

"आप बोलेंगी?" ते म्हणाले. टोमणा होता, पण त्यांनी अडवलं नाही.

दवाखान्याच्या चादरी ठेवायच्या खोलीत मी तिला घेऊन गेले. दार लोटलं आणि जमिनीवर बसले. ती उभीच. मी काही विचारलं नाही. मुळात न बोलणं मला जमत असे. तो माझा अवगुण आहे असं घरचे म्हणत. तपासात मात्र तोच पुष्कळदा कामी आला. समोरचा गप्प बसला की माणसाला ती शांतता भरून काढावीशी वाटते. थोड्या वेळाने ती खाली बसली. तिच्या उजव्या हाताच्या अंगठ्याची आणि दोन बोटांची टोकं हिरवट होती. बाकी तळवा स्वच्छ. भांग वाटणाऱ्याचा अख्खा तळवा माखतो. फक्त बोटांची टोकं माखतात ती चिमटीत काही धरून दगडावर फिरवणाऱ्याची.

आणि तेव्हा मला शब्द सापडला. घोटणं नव्हे, उगाळणं. माझ्या घरी धाकट्या भावंडांना आई रोज न्हाऊ घातल्यावर देत असे ते. आम्ही नागपूरचे लोक बाळगुटीला घुटी म्हणतो. तिला हिंदीत जे विचारलं गेलं त्याचं खरं उत्तर 'नाही' हेच होतं. तिला कोणी तिच्या शब्दात विचारलंच नव्हतं.

मी इंग्रजी विसरले, हिंदी विसरले. घरातली बोली तोंडात आली.

"पोरीले घुटी कवापासून देता, ताई?"

तिने दचकून वर पाहिलं. "तुमी मराठी आहा?"

"नागपूरची. आमच्या घरी पण देत. काय काय उगाळता?"

"सगळंच जी. वेखंड. हळकुंड. मुरुडशेंग. जायफळ जरासंक."

"मोठी झाली तरी घुटी?"

"अंगानं मोठी झाली. झटक्यानं तिले लहानच ठेवली ना जी."

"आणि शेवटी काय उगाळता?"

ती थांबली. मी नजर तिच्या बोटांवरून हलवली नाही, पण आवाजही चढवला नाही. पुढचा प्रश्न मी 'गांजा देता का' असा विचारला असता तर ती पुन्हा मिटली असती. मी विचारलं, "किती वेढे?"

घुटी देणाऱ्या बाईला वेढे विचारणं म्हणजे तिच्या हाताचं माप विचारणं. कोणती मुळी सहाणेवर किती वेळा गोल फिरवायची, यावर तिच्या बाळाचं बरंवाईट अवलंबून असतं. त्यात ती खोटं बोलत नाही, आणि कोणी आपल्याला निष्काळजी समजावं हे तिला सहनही होत नाही.

"तीन जी," ती ताठ होत म्हणाली. "कळीचे तीनच वेढे. चौथा कधी नाई. तुमी कोनालेबी विचारा."

मग सगळं बाहेर आलं. गावाकडच्या तिच्या मामांनी कळी सुचवली होती. मामा ती परवान्याच्या दुकानातून घेत आणि येता-जाता पुडी पाठवत. जुनी, सुकी, भुगा होणारी कळी. "तिनं झटके कमी झाले जी. खोटं नाई सांगत. दिवसाले कितीकदा पडे, मंग एखांदा दिवस तं एकबी नाई. माही पोरगी हासली, बाई. आधी हासेच नाई." पण मामा आजारी पडले आणि पुडी यायची थांबली. झटके पुन्हा वाढले. नवऱ्याने सुपेल्याच्या बाजारातून कळी आणली. आज पहिल्यांदाच ती उगाळली.

"ती मामांच्या कळीसारखीच होती?"

"नाई. ओली होती. चिकट. दगडाले धरून राहे." ती बोलता बोलता थबकली. आपणच काय सांगतोय ते तिच्या कानांवर पडलं असावं. "पन वेढे तीनच देले जी म्या."

चूक तिथे होती, आणि ती चूक घुटी देणारीच करू शकते. हळकुंड कठीण असतं. तीन वेढ्यांना आजही तेवढंच झिजतं आणि उद्याही. सुकी कळी दगडाला जेमतेम लागते. ताजी, डिंकासारखी चिकट कळी तेवढ्याच वेढ्यांत किती तरी पटीने उतरते. त्यात तिची ताकदही वेगळी. आईचा हात जराही चुकला नव्हता. माप बदललं होतं आणि तिला ते कळायला मार्ग नव्हता.

मी उठून धावले. डॉक्टरांना सांगितलं: गांजाची कळी, ओढलेली नाही, दुधातून पोटात गेलेली, आज सकाळी, नवी आणि जहाल. ते ऐकून डॉक्टरांनी ट्रे उचलला आणि कपाटात ठेवून दिला. "मग आपण वाट पाहू," ते म्हणाले. "तिचा श्वास तिलाच घेऊ द्या. मी इथेच आहे."

आम्ही वाट पाहिली. फिटर खाटेच्या पायाशी उकिडवा बसून होता, एका पायात बूट तसाच. त्याची पाळी बुडाली होती आणि कोणीही त्याला काही म्हटलं नाही. दिवाणजी दोनदा चहा घेऊन आले. दुसऱ्यांदा त्यांनी कप आधी त्या बाईच्या हातात दिला.

ऊन कलल्यावर मुलीने पाय हलवला. मग डोळे उघडले आणि सगळ्यांत आधी दिवाणजींच्या मिशा पाहिल्या.

"माय, हा पोलीस कावून आला?"

"तुले पाहाले आला, माह्या माय," तिचा बाप म्हणाला आणि तिच्या कपाळावरून हात फिरवू लागला.

"मले भूक लागली."

डॉक्टर हसले. गांजाने भूकही लागते, ते मला इंग्रजीत म्हणाले. मग जरा वेळाने त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. त्यांच्या तरुणपणी कलकत्त्याच्या औषधांच्या कपाटांत याच झाडाच्या अर्काची बाटली असे, आणि जुने डॉक्टर ती झटक्यांवरही देत. पण प्रत्येक बाटलीची ताकद वेगळी निघे. एका बाटलीचे थेंब निरुपयोगी, दुसरीचे तेवढेच थेंब घातक. त्या भीतीने ती बाटली मागे पडली. "या बाईने नवं काही केलेलं नाही," ते म्हणाले. "जिथे आम्ही अडकलो, तिथेच ती अडकली."

पण केस अजून संपलेली नव्हती. माल विकणारा मोकळा होता.

फिटरने आता आडवळण न घेता सांगितलं. सुपेल्याच्या आठवडी बाजारात एकजण जमिनीवर कापड पसरून मुळ्या, साली, शेंगा विकत बसतो. त्याच्याकडे विदर्भातल्या बाया घुटीचं सामान घ्यायला जातात. कळी कापडाखालच्या पोत्यात असते. आमचे साध्या वेशातले शिपाई त्याच्यासमोरून यापूर्वी कितीदा गेले होते, पण बायांच्या घोळक्यातल्या जडीबुटीवाल्याकडे त्यांनी पाहिलंही नव्हतं. आणि पाहिलं असतं तरी त्यांचे कापलेले केस आणि ताठ चाल त्याने लांबून ओळखली असती.

"मी जाते," मी म्हटलं.

"आपको घुट्टी की क्या जानकारी?" ठाणेदारांनी विचारलं. प्रश्न रास्त होता. मी वॉर्डात परत गेले. आई पोरीला खिमट भरवत होती. तिने चमचा न थांबवता मला एकेक वस्तू शिकवली. वेखंडाला वास उग्र. हळकुंड जाड पाहून घ्यायचं. "आन् मुरुडशेंग पिळाची असते जी, आतड्यावानी. सरळ देली तं समजा, त्याले काईच समजत नाई."

बाजाराच्या दिवशी मी सुती पातळ नेसून, डोक्यावर पदर घेऊन गेले. मला बाजारात भाव करायची सवय नव्हती. पण लाजणारी नवी आई वाटायला मला काहीच सोंग करावं लागलं नाही.

"बच्चा कितना बड़ा?" जडीबुटीवाल्याने विचारलं.

माझे कान तापले. "छोटा है," एवढंच मी म्हटलं. मुरुडशेंग मागितली. त्याने ऐटीत एक सरळ, सुकी शेंग माझ्या हातात ठेवली. अशी शेंग कुठल्याही कुंपणावर मिळते. त्या माणसाला घुटीतलं काही कळत नव्हतं. मुळ्या नुसता पडदा होता.

मी ठरल्याप्रमाणे पदर डोक्यावरून खांद्यावर घेतला. दिवाणजी आणि पंच दोन्ही बाजूंनी आले. कापड उचललं, पोतं उघडलं. तो वास मला आता पाठ होता. त्याच्या जबानीतून माल आणणाऱ्या ट्रकपर्यंत आम्ही पोचलो आणि कॅम्पमधली विक्री बंद पडली. ठाण्यात परतल्यावर रोजनामच्यात वापसी लिहायला नोंदी ठेवणाऱ्या मुंशीने वही माझ्यासमोर आपणहून सरकवली. दुसऱ्या दिवशी हजेरीला शिपायांनी सलाम केला तो माझ्याकडे बघून.

राहिला प्रश्न नवरा-बायकोचा. ठाणेदारांना दोघंही आरोपपत्रात हवे होते. त्यांच्या घरात चोरटा माल सापडला होता, हे खरंच होतं. दयेची भाषा मी वापरली नाही, ती ठाण्यात चालत नाही. मी म्हटलं, "सर, विकणाऱ्याविरुद्ध खरेदीची साक्ष त्या दोघांचीच आहे. त्यांना आरोपी केलं तर साक्षीदार कुठून आणायचा?" "मिस साहब, आप बोलती कम हैं," ते म्हणाले, "पर बोलती हैं तो वकील जैसा." वरिष्ठांची मंजुरी त्यांनी स्वतः आणली. फिटरची नोकरी राहिली.

कोर्टात बचावाच्या वकिलाने बाईला घेरलं. "तो तुम गांजा घोटती थी?"

"घोटत नाई जी," ती तितकीच ताठ उभी राहून म्हणाली. "उगाळतो."

मॅजिस्ट्रेट साहेबांनी मला अर्थ विचारला. मी भर कोर्टात, सगळ्यांसमोर, सहाण हातात घेऊन उगाळणं म्हणजे काय ते दाखवलं. माझा आवाज एकदाही अडखळला नाही. विकणाऱ्याला शिक्षा झाली. मुद्देमाल परत करायचा हुकूम झाला तेव्हा ती बाई सहाण न्यायला ठाण्यात आली. अंगठा उठवला, दगड पदरात घेतला आणि जाता जाता मला विचारलं, "बाई, एक सांगा. माही कळी खोटी होती काय? डॉक्टर काई सांगत नाई. पोरगी हासली होती, ते म्या पायलं."

मी डॉक्टरांना विचारलं होतं. त्यांनाही माहीत नव्हतं. त्या काळात कोणालाच नव्हतं. मी तिला तेच सांगितलं. ती मान हलवून गेली. त्यानंतर तिने मुलीला फक्त दवाखान्याच्या गोळ्या दिल्या. बदलत बदलत त्यांतल्या काही थोड्या लागू पडल्या. झटके पूर्ण कधीच गेले नाहीत, पण मुलगी जगली आणि मोठी झाली.

पुढे माझ्या बदल्या झाल्या, बढत्या झाल्या. नव्या अधिकाऱ्यांना शिकवताना मी ही केस सांगत असे. साक्षीदार 'नाही' म्हणतो तेव्हा तो कोणत्या प्रश्नाला नाही म्हणतोय ते आधी तपासा. त्याच्या घरात त्या गोष्टीला काय म्हणतात ते शोधा. आणि 'काय केलंस' एवढ्यावर थांबू नका, 'कसं मोजलंस' हेही विचारा. आपल्या मापाबद्दल माणूस सहसा खरं बोलतो.

अलीकडे माझ्या भाचीने, ती लहान मुलांची डॉक्टर आहे, जेवताना सहज एक गोष्ट सांगितली. गांजाच्याच झाडातलं, पण नशा न आणणारं एक द्रव्य आता वेगळं काढतात, शुद्ध करतात आणि काही मुलांच्या हट्टी मिरगीवर थेंबांनी मोजून देतात. सगळ्यांना ते लागू पडत नाही. डॉक्टरच देतात, रक्त तपासत राहतात. पण काही मुलांचे झटके खरोखर कमी होतात. माझा घास हातातच राहिला.

ती आई आता नाही. मुलगी भिलाईतल्याच रिसालीला धाकट्या भावाकडे राहते. साठी ओलांडली आहे, शिवणाचे वर्ग घेते. मी तिला भेटायला गेले आणि भाचीने सांगितलं ते जसंच्या तसं सांगितलं.

"म्हणजे मायची कळी खोटी नव्हती?" तिने विचारलं.

"तुला नेमकं कशाने बरं वाटलं, ते आता कोणी छातीठोक सांगू शकणार नाही. पण तुझ्या आईने जे पाहिलं, ते पाहायला डॉक्टरांना पुढे इतकी वर्षं लागली. तिच्याकडे फक्त माप नव्हतं."

ती उठून आत गेली आणि सहाण घेऊन आली. भावाच्या नातवाच्या घुटीची वेळ झाली होती. "घाबरू नका मावशी, कळी नाई," ती हसत म्हणाली, आणि वेखंड दुधात बुडवून दगडावर फिरवू लागली. वेढे मोजताना तिचे ओठ आईसारखेच हलत होते.

पंचनाम्यात मी लिहिलं होतं: एक सहाण, काळा दगड, वापरातली. माझी ती नोंद अजून खरी आहे.